शेजारच्या गाळ्यात आग, नुकसान आपल्या गाळ्यात: पैसे कोणाकडे मागायचे?

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमचा ऑफसेट छपाईचा गाळा आहे. लागून असलेल्या गाळ्यात रात्री आग लागली. ज्वाळा आमच्याकडे आल्या नाहीत, पण अग्निशमन दलाने मारलेल्या पाण्यात कागदाचा साठा भिजला, मशिनवर काजळी बसली आणि मधल्या भिंतीला तडे गेले. शेजारी म्हणतो, 'माझ्या विमा कंपनीकडून तुम्हाला पैसे मिळवून देतो, तुम्ही कुठे तक्रार करू नका.' आमचीही पॉलिसी आहे, पण चूक दुसऱ्याची असताना ती लागू होते का? शिवाय मागच्या प्लॉटवर तळघराचं खोदकाम सुरू आहे. तडे त्याचेही असू शकतात.

उत्तर: तुमच्या कंपनीला अजून कळवलं नसेल तर पुढचं वाचण्याआधी मेल टाका. पॉलिसी नंबर, पत्ता, तारीख, अंदाजे वेळ आणि 'शेजारच्या गाळ्यातल्या आगीमुळे पाणी, धूर व भिंतीचं नुकसान' एवढं पुरे. रकमेचा आकडा लिहू नका. घाईत टाकलेला आकडा पुढे बदलावा लागतो आणि बदललेल्या आकड्याचा खुलासा करण्यात निम्मी ताकद खर्च होते. एजंटला फोन केला म्हणजे कंपनीला कळवलं असं समजू नका. एजंट बिचारा भला माणूस असेल, पण फोन कागदावर उमटत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुमची आगीची पॉलिसी 'चूक कोणाची' हे विचारत नाही, 'नुकसान कशाने झालं' हे विचारते. पॉलिसीत लिहिलेल्या कारणांपैकी एखाद्या कारणाने नुकसान झालं असेल तर पैसे देणं हा तुमचा आणि तुमच्या कंपनीचा करार आहे. आग तुमच्याच छताखाली लागली पाहिजे अशी अट त्यात नाही. आग विझवताना मारलेलं पाणी, धूर, उष्णता, अग्निशमन दलाने तोडलेलं शटर, हे सगळं आगीचंच नुकसान धरलं जातं, कारण त्या साखळीचं मूळ आगीत आहे. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या झुआरी इंडस्ट्रीजच्या प्रकरणात २००९ साली चांगलं उलगडून सांगितलं. तिथे स्विचबोर्डमध्ये क्षणभर आग झाली, वीज गेली, आणि पुढे बॉयलरचं नुकसान झालं. बॉयलरला आग लागली नव्हती, तरी मूळ कारण आग म्हणून दावा मान्य झाला. २०२३ च्या मुदित रोडवेज निकालातही न्यायालयाने हेच धरलं की आग लागली हे खरं असेल आणि ती विमेदाराने स्वतः लावलेली नसेल, तर ती नेमकी कशामुळे लागली यावर दावा अडवता येत नाही. आपल्याकडे प्रत्येक आगीच्या अहवालात शॉर्टसर्किट लिहिलेलं असतं. तुमच्या दाव्यापुरतं ते खरं की खोटं यावर काही अडत नाही.

पॉलिसी कोणती आहे ते मात्र पाहा. १ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणच्या मालमत्तेचं एकूण मूल्य ५ कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा', ५ ते ५० कोटींपर्यंत 'भारत लघु उद्यम सुरक्षा' आणि त्यावर जुनी 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स' अशी विभागणी आहे. छापखान्याचा गाळा म्हणजे बहुधा पहिली. आगीच्या बाबतीत तिन्हींत फार फरक नाही, पण शेजाऱ्यामुळे होणाऱ्या इतर नुकसानीत आहे. जुन्या पॉलिसीत धडकेचं नुकसान म्हणजे रस्त्यावरचं किंवा रेल्वेचं वाहन किंवा जनावर थेट येऊन आदळलं तरच. शेजाऱ्याची कंपाउंड भिंत तुमच्या शेडवर कोसळली तर त्या कलमात ती बसत नसे, आणि मग 'वादळाने पडली का, पुराने पडली का' अशी शोधाशोध करावी लागे. नव्या दोन्ही पॉलिसींत कोणत्याही बाहेरच्या वस्तूची धडक धरली आहे आणि उदाहरणांत झाड आणि भिंत स्पष्ट लिहिलेली आहे. पावसाळ्यात जुन्या भिंतींच्या आश्रयाने शेड बांधणाऱ्यांना हा बदल फार कामाचा आहे.

शेजाऱ्याच्या विम्याचं काय? त्याची आगीची पॉलिसी त्याच्या मालमत्तेची आहे. तुमचा कागद त्याच्या पॉलिसीत नाही, त्यामुळे त्याची कंपनी तुम्हाला छदामही देणार नाही. मोटारीच्या अपघातात समोरच्याच्या विमा कंपनीकडून पैसे मिळतात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून इथेही तसंच असेल असं वाटतं. पण तिथे मोटार वाहन कायद्याने तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे, इमारतींना तसं काही नाही. शेजाऱ्याने वेगळी पब्लिक लायबिलिटी (म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या जबाबदारीची) पॉलिसी घेतली असेल तरच त्याच्या चुकीचे पैसे विम्यातून येऊ शकतात. तेही त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावर, आणि दावा त्याच्यावर लावायचा, त्याच्या कंपनीवर नव्हे. छोट्या गाळ्यांत अशी पॉलिसी मला क्वचितच दिसते. घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांना १९९१ च्या कायद्याने हा विमा सक्तीचा आहे, पण त्या कायद्याच्या मूळ अनुसूचीत खासगी मालमत्तेच्या नुकसानीला मर्यादा होती ६,००० रुपये. त्या पैशांत कोरुगेटेड पत्र्याची एक बाजूही बदलून होत नाही.

म्हणजे शेजाऱ्याचं आश्वासन खोटं नसेल, पण त्याला ते पाळता येणार नाही. आणि इथेच लोक पायावर धोंडा पाडून घेतात. असोसिएशनच्या मीटिंगमध्ये चार माणसं बसतात, चहा होतो, शेजारी दीड-दोन लाख रुपये देतो आणि स्टॅम्प पेपरवर लिहून घेतो की 'या घटनेबाबत आमची एकमेकांविरुद्ध काही तक्रार नाही.' सही केलीत की तुमच्याच पॉलिसीतले पैसे धोक्यात. कारण तुम्हाला भरपाई दिल्यावर शेजाऱ्याकडून ती वसूल करण्याचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो. याला सब्रोगेशन म्हणतात. तो हक्क तुम्ही आधीच सोडून दिला असेल तर कंपनी सरळ म्हणते, वसुलीचा आमचा मार्ग तुम्ही बंद केला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० साली चरण स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात सब्रोगेशनचे प्रकार नीट मांडले आहेत. त्यातलं तुमच्या कामाचं एवढंच की पैसे घेताना कंपनी जे सब्रोगेशनचं पत्र सही करायला देते ते वाचा. विम्यातून न मिळालेली रक्कम, म्हणजे कपात आणि बुडालेला धंदा, शेजाऱ्याकडून स्वतः मागायचा हक्क तुमच्याकडे राहतो की तोही लिहून दिला जातो, हे त्या पत्राच्या शब्दांवर ठरतं.

मग शेजाऱ्याशी बोलायचंच नाही का? बोला, रोज भेटणारा माणूस आहे. फक्त काही लिहून देऊ नका आणि पैसे घेतले तर ते कंपनीला कळवा. पोलिसांत घटनेची नोंद करा. ती त्याच्यावर सूड म्हणून नाही, तुमच्या फाईलला लागते म्हणून. अग्निशमन दलाचा दाखलाही मागा आणि त्यात तुमच्या गाळ्याचा नंबर आला आहे का ते तिथेच उभं राहून बघा. जळालेल्या गाळ्याचा नंबर लिहून दाखला बंद करतात, मग सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला विमा कंपनीने पाठवलेला माणूस, विचारतो की तुमच्या गाळ्यात पाणी मारल्याची नोंद कुठे आहे.

आता कागद. सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल हलवू नये असं लोकांना वाटतं, ते अर्धंच खरं आहे. नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी आहे. फोटो आणि व्हिडिओ काढा, त्यात पॅलेटवरची लेबलं आणि भिंतीवरची पाण्याची रेघ येऊ द्या, कंपनीला मेल करा की माल वेगळा करतो आहोत, आणि मग कोरडा माल बाजूला काढा. तुमच्या धंद्यात एक गोष्ट तुम्हाला सांगायला नको, पण सर्व्हेअरला सांगावी लागेल: आर्ट पेपर आणि मॅपलिथो (बिनलेपाचा छपाईचा कागद) एकाच पाण्यात भिजले तरी त्यांचं नुकसान सारखं नसतं. आर्ट पेपरवरचा लेप ओला झाला की ताव एकमेकांना चिकटतात आणि सुकल्यावर अख्ख्या रिमचा ठोकळा होतो. तो रद्दीतच जातो. मॅपलिथो सुकतो, पण लाटा येतात, फीडरमध्ये नीट जात नाही. तो वहीवाल्याला कमी भावाने जाऊ शकतो. खालच्या दोन रिम भिजल्या आणि वरच्या कोरड्या दिसल्या तरी वरच्या उघडून कडा बघा, कागद पाणी वर ओढतो. या तिन्ही ढिगांची वेगळी यादी, वजनासह, तुम्हीच आधी करून ठेवलीत तर सर्व्हेअर सगळ्यालाच सरसकट 'सॅल्व्हेज (भिजलेल्या मालाची उरलेली किंमत) ४० टक्के' लावण्याच्या मोहातून वाचतो.

साठ्याची किंमत खरेदीच्या बिलांवरून निघते, विक्रीच्या भावाने नाही. स्टॉक रजिस्टर, टॅली, बँकेला दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट आणि जीएसटी रिटर्न यांचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. खरं दुखणं इथेच असतं. कॅश क्रेडिटची मर्यादा टिकवायला बँकेला फुगवून आकडा दिलेला असतो आणि विम्याचा हप्ता वाचवायला पॉलिसीत कमी दाखवलेला असतो. समजा त्या रात्री गाळ्यात ४० लाखांचा माल होता, विमा २५ लाखांचा, आणि नुकसान १२ लाखांचं. तर विमा मालापेक्षा कमी म्हणून २५ भागिले ४० या प्रमाणात हातात येतात साडेसात लाख. नव्या दोन्ही पॉलिसींत विम्याच्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट धरली जात नाही, म्हणजे विमा ३६ लाखांचा असता तर ही कपात लागली नसती. बँकेचं कर्ज असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव असतं आणि चेक आधी त्यांच्याकडे जातो. मॅनेजरला आजच सांगून ठेवा.

जीएसटीचं एक विसरू नका. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) कलम १७(५)(एच) प्रमाणे परत करावं लागतं. विमा रक्कम करासह धरली असेल तर तो परत केलेला करही दाव्यात मागा. तुमच्या सीएला हे माहीत असतं, पण दावा भरताना त्याला कोणी विचारत नाही. नव्या पॉलिसींत आर्किटेक्ट, इंजिनिअर यांच्या फीसाठी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हटवायला २ टक्क्यांपर्यंत रक्कम आतच धरलेली आहे. तीही कोणी मागत नाही.

मशिनवरच्या काजळीची घाई करा. शेजारी प्लास्टिक किंवा वायर जळली असेल तर त्या काजळीत क्लोराइड असतं आणि दमट हवेत ते दोन-चार दिवसांत सिलिंडरला आणि सर्किट बोर्डांना खाऊ लागतं. उत्पादक कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा, त्याच्याकडून लेखी अहवाल आणि सफाईचं कोटेशन घ्या आणि पॉवर सुरू करू नका. उशिरा केलेल्या सफाईने वाढलेल्या गंजाचे पैसे मागायला गेलात तर सर्व्हेअरने नाही म्हटल्यावर मी त्याला दोष देणार नाही.

बंद पडलेल्या धंद्याचे पैसे आगीच्या साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. त्यासाठी नफ्याच्या नुकसानीची वेगळी पॉलिसी लागते. आणि शेजाऱ्यांच्या बाबतीत त्यातही एक बारीक फट आहे. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन मोठे स्फोट झाले, दोन्ही वेळा आजूबाजूच्या कारखान्यांचे पत्रे उडाले, दूरदूरपर्यंत काचा फुटल्या. ज्यांचे पत्रे उडाले त्यांचं नुकसान स्फोट या कलमात येतं. बॉयलरच्या स्वतःच्या स्फोटाने त्या बॉयलरचं झालेलं नुकसान वगळलेलं असतं, शेजाऱ्याच्या बॉयलरने तुमच्या छताचं केलेलं नुकसान वगळलेलं नसतं. उडालेल्या रसायनांचा थर मालावर बसला तर तेही चालतं, कारण प्रदूषण वगळलं असलं तरी विम्यातल्या कारणातून आलेलं प्रदूषण त्या वगळणुकीतून सुटतं. पण अशा स्फोटानंतर रस्ता बंद केला आणि तुमच्या गाळ्याला ओरखडाही नाही, तर? नफ्याच्या पॉलिसीत 'प्रवेशबंदी'चं विस्तारित कलम घेतलेलं नसेल तर काही नाही. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी असणाऱ्यांनी नूतनीकरणाच्या वेळी ते मागून घ्यावं. उलट, शेजाऱ्याच्या चिमणीतून रोज येणाऱ्या आम्लाच्या वाफेने वर्षभरात पत्रा गंजला तर तो कोणत्याच आगीच्या पॉलिसीत बसत नाही. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम.

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग भिंतीचा आहे, कारण तिथे दोन कारणं एकमेकांत मिसळली आहेत आणि त्यातलं एक तुमच्या पॉलिसीत नाही. जमीन खचणं या कलमाखाली जुन्या-नव्या सगळ्या पॉलिसींत वगळणूक आहे: पाडकाम, बांधकाम, जमिनीतलं काम किंवा खोदकाम यांमुळे झालेलं खचणं. कोणाचं खोदकाम हे लिहिलेलं नाही, म्हणजे शेजाऱ्याचंही त्यात आलं. जिथे तुमची चूक अजिबात नसते तिथेच पॉलिसी हात वर करते. पुनर्विकासाच्या या दिवसांत शेजारी खणत असताना 'आपला विमा आहे' म्हणून निवांत बसलेल्यांना हे कलम कोणीतरी वाचून दाखवायला हवं.

म्हणून तडे वेगळे करून घ्या, आणि ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून, स्वतःच्या मताने नाही. उष्णतेने फुगलेला गिलावा बोटाने ठोकला की पोकळ वाजतो, तडे बारीक आणि जाळीदार असतात, आणि ते आगीच्या बाजूला, वरच्या भागात जास्त असतात. पाया खचल्याचा तडा विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरका चढतो, खिडकीच्या कोपऱ्यातून सुरू होतो आणि एका टोकाला रुंद असतो. तडा किती जुना तेही दिसतं: ताजा तडा आतून स्वच्छ असतो, जुन्यात धूळ आणि कोळ्याचं जाळं असतं, कधी रंगाच्या ब्रशचा फराटा आत गेलेला असतो. हे सगळं बॅटरी लावून, बाजूला पट्टी धरून फोटोत घ्या. तिरक्या तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारीख लिहा. पुढच्या आठवड्यात पट्टी फुटली तर हालचाल अजून सुरू आहे आणि ती आगीची नाही, एवढं सिद्ध होतं. नुकसान आगीने झालं हे तुम्ही दाखवायचं, आणि ते वगळलेल्या कारणाने झालं हे कंपनीने दाखवायचं, अशी वाटणी आहे. इंजिनिअरचा अहवाल तुमच्या हातात आधी असेल तर 'सगळेच तडे खोदकामाचे' हे वाक्य अहवालात शिरणं कठीण जातं.

खोदकामाच्या तड्यांसाठी बिल्डरला नोटीस द्या. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात कलम ७ प्रमाणे तुमच्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे, आणि २० वर्षं निर्विवाद उभ्या असलेल्या बांधकामाला कलम १५ प्रमाणे तसा हक्क मिळू शकतो. नोटिशीत एक मागणी जरूर घाला: ठेकेदाराच्या 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' म्हणजे बांधकामाच्या विम्याच्या पॉलिसीची प्रत. तिच्या दुसऱ्या भागात तिसऱ्या पक्षाची जबाबदारी असते. पण त्यात कंपनं आणि आधार निघून जाण्याचं जोड-कलम घेतलं आहे का ते पाहा, नसेल तर त्या भागाचा तुम्हाला उपयोग नाही. जोड-कलम असलं तरी ते सहसा इमारत पूर्ण किंवा अंशतः कोसळली तरच लागतं, वरवरच्या तड्यांना नाही, आणि काम सुरू होण्याआधी शेजारच्या इमारतीच्या स्थितीचा अहवाल केलेला असणं ही त्याची अट असते. असा अहवाल झाला असता तर तुमच्या गाळ्यात कोणीतरी मोजपट्टी घेऊन आलं असतं. आलं नसेल तर तेही नोटिशीत लिहा. खड्ड्याला शोअरिंग (कडा ढासळू नयेत म्हणून लावलेला आधार) नसेल तर एमआयडीसीच्या कार्यालयात त्याच दिवशी अर्ज द्या, पावसाची वाट पाहू नका.

दावा नाकारला किंवा फार कापला तर मुदतींकडे लक्ष ठेवा. जुन्या पॉलिसीत नकारानंतर १२ महिन्यांत दावा दाखल न केल्यास हक्क सोडला असं मानण्याची अट आहे. विमा लोकपालाकडे नकारापासून एका वर्षात जाता येतं. एकट्या मालकीचा धंदा किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. ग्राहक आयोगाला दोन वर्षं. 'धंद्याची पॉलिसी म्हणून तुम्ही ग्राहक नाही' असं कोणी म्हणालं तर २०२३ चा हरसोलिया मोटर्सचा निकाल दाखवा. तोही आगीच्याच पॉलिसीचा होता. शेजाऱ्यावर आणि बिल्डरवर दिवाणी दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात, पण तारीख घटनेपासून मोजायची की तडे दिसल्यापासून हे वकिलाकडून लेखी घ्या. खोदकामाच्या बाबतीत त्या दोन तारखांत बरंच अंतर पडतं.